साठीनंतरचे आखूड केस

साठी उलटलेल्या बाईने आपण आता केस आखूड करून घेणार असल्याचे घरात सहज बोलून दाखवले, म्हणजे जे वातावरण उत्पन्न होते ते वडिलार्जित जमिनीच्या वाटणीची बोलणी निघाल्यावर होणाऱ्या वातावरणाहून फारसे निराळे नसते. यजमान वर्तमानपत्र खाली ठेवतात. मुलगा ‘आता या वयात कशाला, आई?’ म्हणतो, सून मनातून अनुकूल असली तरी सासूबाईंच्या मामल्यात पडायचे नाही या शिरस्त्याने गप्प राहते, आणि नात तेवढी उत्साहाने मोबाइलवर एकामागून एक छायाचित्रे काढून दाखवू लागते, ज्यांतील एकाही स्त्रीला आजीसारखी मान नसते, आजीसारखा चष्मा नसतो आणि आजीसारखे केस तर नसतातच. जिचे डोके तिचा जबाब घेण्याची तजवीज मात्र सहसा कोणी करीत नाही, आणि माझी तक्रार आहे ती नेमकी एवढ्याचसाठी.

वडीलधाऱ्या बायकांच्या मनात आखूड केसांविषयी जी एक अनामिक नाखुशी असते, तिला जुनाटपणा म्हणून हसण्यावारी नेणे मला योग्य वाटत नाही. आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या कित्येक जणींनी आपल्या बालपणी तांबड्या आलवणातली, डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेली एखादी सोवळी आजी किंवा आत्या घरात वावरताना पाहिलेली आहे, आणि त्या पदराखाली काय नाही हे त्यांना कोणी न सांगता कळलेले आहे. विधवेच्या मस्तकावर वस्तरा फिरवण्याच्या या रूढीविरुद्ध १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने खुद्द न्हाव्यांनीच सभा भरवून असले काम न करण्याचा निश्चय केला. त्यानंतर तीन वर्षांनी धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी विवाह केला. आणि गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे वपन सोसल्यावर ते सोडून दिले, तेव्हा त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागले असेल याची कल्पना त्यांची ‘माझी कहाणी’ वाचणाऱ्यास येते. त्या पिढीच्या लेखी केस वाढवणे हे बंड होते, त्यांच्या पणत्यांना ते कापून घेणे हा हक्क वाटतो, आणि या दोहोंत मला तिळमात्र विसंगती दिसत नाही, कारण तंटा लांबीचा नव्हताच, हुकूम कोणाचा चालावा याचा होता.

हा तंटा कायमचा निकालात निघाला आहे अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. दीर्घ आजारात, अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत, किंवा मुले परदेशी असल्यामुळे पत्करलेल्या एखाद्या वृद्धाश्रमात, म्हाताऱ्या बाईचे केस विंचरणाऱ्या बाईला गुंता सोडवण्याचा कंटाळा येतो म्हणून एक दिवस परस्पर कापले जातात, आणि घरी कळवताना ‘आता किती सुटसुटीत झालं!’ असे म्हटले जाते. सुटसुटीत झाले हे खरे. परंतु कोणासाठी, हे विचारण्याची सोय त्या बाईला उरलेली नसते. सेवा करणाऱ्यांचे कष्ट मी कमी लेखीत नाही. तरी कात्री लावण्यापूर्वी हातात आरसा देऊन ‘एवढे कापू का?’ म्हणून विचारण्यास जो अर्धा मिनिट लागतो, तेवढी मुदत कोणत्याही आजारात मिळू शकते.

आता ज्या बाईने आपण होऊन ठरवले आहे, तिच्याकडे वळू. तिच्यापुढे पहिला अडथळा येतो तो सल्ल्यांचा. चेहरा गोल असेल तर अमुक, लांबट असेल तर तमुक, असले तक्ते तिशीच्या बाईस कदाचित उपयोगी पडत असतील. साठीनंतर चेहऱ्याच्या आकारापेक्षा केसांच्या प्रकृतीला अधिक मान द्यावा लागतो, कारण या वयात बदललेली असते ती मुख्यतः तीच. केस वाढण्याचा काळ वयपरत्वे आखडतो, प्रत्येक केसाची जाडी घटते, ऋतुनिवृत्तीनंतर मधला भांग रुंदावू लागतो, आणि पांढरा झालेला केस पुष्कळदा कोरडा व थोडा आडमुठा होतो. पूर्वीच्या बायकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. फणीत आलेला गुंतवळ गुंडाळी करून भिंतीच्या फटीत जपून ठेवायचा, पुरेसा साठला की त्याचे गंगावन करवून घ्यायचे अथवा तो केसांवर भांडी देणारीच्या हवाली करायचा, हा त्यावरचा त्या काळचा बंदोबस्त होता. विरळ झालेला शेपटा घट्ट पिळून, आकड्यांनी जखडून, सुपारीएवढा अंबाडा मानेवर वर्षानुवर्षे वागवल्याने कपाळावरची केसांची रेघ आणखी मागे सरकते हे मात्र कोणी सांगत नसे, आणि आजही फारसे कोणी सांगत नाही.

म्हणून विरळ केसांना माझी पहिली शिफारस अशी, की हनुवटीच्या किंचित खाली एका रेषेत सरळ कापलेला बॉबकट घ्यावा. टोके एकाच पातळीवर आली म्हणजे जे काही केस शिल्लक असतील ते एकत्र दिसतात आणि दाट भासतात. उलट पार्लरमधल्या मुलीने हौसेने लेअरवर लेअर काढले, तर खालच्या टोकांतून पलीकडची भिंत दिसू लागते. टाळूवर थोडा उठाव हवा असेल तर तिथले मोजके केस आखूड करावेत, तेवढे पुरे. ज्यांचे केस अजून दाट आणि लहरी आहेत त्यांची गोष्ट नेमकी उलटी: त्यांनी सरळ रेषेचा आग्रह धरला तर दोन्ही कानांवर केसांचा तंबू उभा राहतो, तेव्हा त्यांच्या बाबतीत आतून थर काढून भार हलका करणे अवश्य. कुरळे केस तर ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की उडी मारून वर जातात. सबब मागितले त्यापेक्षा दोन बोटे कमीच कापण्यास सांगावे. लंडनच्या विडाल ससून यांनी १९६० नंतरच्या दशकात कात्रीच्या भूमितीवर आपले नाव केले, त्यामागचे तत्त्व आजही मला पटते: मान हलवल्यावर केस आपल्या आपण जागेवर येऊन बसले पाहिजेत, त्यांना रोज सकाळी यंत्र आणि फवारे लावून जागेवर बसवावे लागू नये. सत्तरीतल्या बाईने गरम हवेचे यंत्र उजव्या हातात उंच धरून डाव्या हाताने गोल ब्रश फिरवावा, अशी अपेक्षा ज्या कटमध्ये गृहीत आहे तो कट तिच्यासाठी नव्हे.

हाताची गोष्ट निघालीच आहे, तर जरा थांबू. खांदा आखडल्यामुळे, विशेषतः मधुमेह असलेल्या बायकांत, हात डोक्यामागे जाईनासा होतो, आणि वेणी घालणे ही जन्मभर पाहिल्याविना केलेली गोष्ट एकाएकी दुसऱ्या कोणावर अवलंबून राहण्याची बाब होऊन बसते. माझ्या ओळखीच्या एका मावशींनी याच कारणासाठी केस कापायचे ठरवले. पार्लरमधल्या मुलीने ‘काकू, बॉयकटच करून टाकू का? धुवायला सोपा’ असे विचारताच त्या शांतपणे म्हणाल्या, ‘सोपा तुला की मला? आधी माझा हात कुठवर जातो ते बघ.’ मग त्यांनी हात उचलून दाखवला. तो कानापर्यंत पोहोचला, टाळूपर्यंत नाही. मुलगी समजूतदार निघाली. तिने बाजूचे केस कानामागे बसतील एवढे राखले, मागचे मानेच्या खळगीशी निमुळते केले, आणि भांग डावीकडे सरकवून समोरची एक बट कपाळावर तिरपी आणली, जेणेकरून फणी फक्त पुढून आणि बाजूने फिरवली तरी काम भागावे. मावशींची मान आखूड आहे आणि पाठीचा कणा वरच्या बाजूस थोडा वाकलेला आहे; सरळ बॉयकट केला असता तर तो बाक लांबूनही नजरेत भरला असता, ही गोष्ट मुलीने तोंडाने न उच्चारता सांभाळली.

भांग सरकवण्याचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. रुंदावलेल्या मधल्या भांगाचा दिसणारा पट्टा एका बाजूस चार बोटे सरकला की निम्मा झाकला जातो. कुंकू आपल्याकडे परंपरेने कपाळावर, त्यामुळे उत्तरेतील भगिनींप्रमाणे भांगाच्या जागेचा धार्मिक प्रश्न मराठी बाईपुढे उभा राहत नाही. वाकड्या भांगावर एके काळी टीका झाली असेल, पण ती करणारे आता कोणी उरलेले नाहीत. चष्मा असलेल्या बायकांनी कपाळावरची झालर चष्म्याच्या वरच्या कडेला टेकणार नाही एवढी खबरदारी घ्यावी, एरवी काच दिवसभर तेलकट राहते. आखूड केसांनी कान उघडे पडतात. ज्यांची भोके वजनदार कुड्यांनी ओघळली आहेत त्यांना याचा संकोच वाटतो. मला विचाराल तर कुडी खरी दिसते ती तेव्हाच, आणि आयुष्यभर अंबाड्याच्या सावलीत राहिलेली बुगडी तर प्रथमच उजेडात येते. गजऱ्याचे तेवढे नुकसान होते, ते मी नाकबूल करीत नाही. कानामागे पिनेने अडकवलेली दोन फुले म्हणजे गजरा नव्हे.

आखूड केसांचा एक लाभ असा आहे की ज्याची जाहिरात कोणी करीत नाही, कारण त्यात कोणाचाच माल खपत नाही. कलप सोडून द्यायची इच्छा पुष्कळ बायकांना असते. अडते ते मुळाशी पांढरे आणि खाली काळे असे दुरंगी केस वर्ष-दोन वर्षे वागवण्यापाशी. केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या केसांतून कलप पूर्ण उतरायला वर्षे लागतात, पण आठ-दहा सेंटिमीटरांच्या कटमध्ये सात-आठ महिन्यांत सगळा मामला आटोपतो. काळ्या कलपातील पीपीडी या द्रव्याने काहींना खाज, पुरळ, डोळ्यांभोवती सूज असा त्रास होतो, त्यांना तर ही वाट मी निःसंकोच सुचवीन. इंदिरा गांधींची पांढरी बट व्यंगचित्रकारांना त्यांच्या नाकाइतकीच उपयोगी पडली, आणि त्या बटेमुळे त्यांचा अधिकार कमी झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. ‘दहा वर्षांनी तरुण दिसाल’ हे आश्वासन मला म्हणूनच मुळात अपमानास्पद वाटते. पासष्टीची बाई नीटनेटकी, चेहरा मोकळा झालेली, पासष्टीचीच दिसली तर कोणाचे काय बिघडते?

खर्चाचा हिशेब मात्र आधी करावा. बॉबकट दोन-अडीच महिने रूप टिकवून धरतो; बॉयकटची मानेवरची रेघ पाच-सहा आठवड्यांत बिघडते आणि पुन्हा खेप घालावी लागते. लहान गावांतील पार्लरांना यू कट आणि स्टेप कट यांचा सराव असतो, मानेजवळ मशीन व कात्रीने केस निमुळते उतरवत नेण्याचे कसब पुष्कळदा पुरुषांच्या सलूनमधील कारागिराकडेच अधिक असते, आणि तिथे जाऊन बसण्याइतके धैर्य सर्वांजवळ नसते. अशा वेळी त्याला घरी बोलावणे हा उत्तम तोडगा आहे. एकदम आखूड करण्याची भीती वाटत असेल तर आधी खांद्यापर्यंत कापून दोन महिने तसेच राहून पाहावे, आणि आधी रक्ततपासणीही करून घ्यावी, कारण लोहाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड यांमुळे गळणारे केस कितीही कौशल्याने कापले तरी गळतच राहतात.

आणखी एक. पार्लरमध्ये केस धुताना मान मागे टाकून बेसिनच्या कडेवर टेकवायला सांगतात. मानेचे मणके झिजलेल्या बाईने ती तशी फार वेळ ठेवू नये, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ताण येऊन चक्कर, क्वचित त्याहूनही गंभीर विकार होऊ शकतो. घरी न्हाऊन, केस ओलसर असतानाच जावे, अथवा पुढे वाकून धुण्यास सांगावे. वेळ मंगळवार-बुधवार दुपारची घ्यावी. शनिवारी संध्याकाळी लग्नाच्या वऱ्हाडाने पार्लर भरलेले असते, आणि त्या घाईत म्हाताऱ्या बाईच्या डोक्याला जेमतेम दहा मिनिटे येतात.