पाथरी ओळखा, मग पंप उचला

परवा शाळूत खुरपणी चालू होती. शेजारचा पोरगा पाठीवर पंप घेऊन आला अन् बांधाकडं बोट करून म्हणाला, "दादा, गाजर गवत लय झालंय, मारू का एक हात?" जाऊन बघतो तर निम्मी पाथरी!

त्याला तरी काय बोलणार? गाजर गवताचं कोवळं रोपही असंच जमिनीला चिकटून पसरतं. पण त्याचं पान गाजरासारखं बारीक कातरलेलं, लवदार असतं. पाथरीचं पान मऊ, गुळगुळीत, कडेला बारीक पांढरट दाते. तोडलं की लगेच पांढरा चीक येतो. मात्र नुसता चीक बघून तोंडात टाकू नका, दुधीलाही चीक असतो. दुधीची पानं दांड्यावर समोरासमोर जोडीनं येतात, पाथरीची बुडाशी गोल पसरतात.

शंका राहिली तर फूल बघा. पिवळं, सगळ्या पाकळ्याच, मधे गोंडा नाही. नखानं एक पाकळी काढा, टोकाला पाच दाते दिसतील. ती पाकळी म्हणजे एक अख्खं फूलच आहे. सूर्यफुलाच्या घराण्याची ही रीत. एकदांडीच्या फुलात मधे पिवळा गोंडा असतो आणि पानं खरबरीत. एकदांडी, गाजर गवत दोन्ही अमेरिकेकडून आलेली. पाथरी इथलीच.

कृषीवाले मित्र म्हणतील, तणच की ते. पिकाच्या ओळीत तणच, मीही काढतो. बहुवर्षायू आहे, मूळ खोल जातं, वरवर खुरपलं तर पुन्हा फुटते. पण बांधावर तिनं आपलं काय घोडं मारलंय?

माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. खुरपायला येणाऱ्या बाया जाताना ओटीत पाथरी नेतात. पिठलं-भाकरीबरोबर कच्ची खातात, धुतली तर धुतली. टू-फोर-डी मारल्यावर पान लगेच पिवळं पडत नाही, दुसऱ्या दिवशीही हिरवंगार दिसतं. मागल्या साली आमच्याच बांधावर मी फवारलं अन् सांगायचं विसरलो. चुलतीनं ओटी भरलेली, नशिबानं फाटकापाशी गाठ पडली. ओटी तिथंच रिकामी करायला लावली. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

तेव्हापासून बांधावर औषध बंद. पिकात मारावंच लागलं तर आधी बायांना सांगतो आणि कडेला काठीला लाल फडकं बांधतो.