बँकेचा बोजा सातबाऱ्यावर, मग आमचा पगार कुठे?

साखर कामगार बंधू-भगिनींनो, ऊस उत्पादक सभासदांनो,

बंद पडलेल्या सहकारी कारखान्याचा लिलाव पुकारला की वर्तमानपत्रात बँकेची जाहिरात येते. जमीन, यंत्रसामग्री, डिस्टिलरी, सगळे तपशीलवार. पण पॅनमन, फिटर आणि बॉयलरवरच्या माणसांचा थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, हंगामी कामगारांचा रिटेन्शन भत्ता किती, हे त्यात बहुधा शोधूनही सापडत नाही. तो आकडा विसरला जात नाही. तो कागदावर येऊच नये, अशीच ही व्यवस्था आहे.

१९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला. शेतकऱ्याचे भाग, सहकारी बँकेचे कर्ज आणि सरकारचा आधार यांवर तो उभा राहिला. बँकेच्या पैशाशिवाय सहकार वाढला नसता, हे आम्हालाही मान्य आहे. पण पुढे त्या पैशाबरोबर हुकूमही आला. आज बॉयलर पेटवायला पूर्वहंगामी कर्ज लागते. हंगामात साखर तारण पडते आणि गोदामाच्या किल्लीवर बँकेचा ताबा राहतो. साखर विकली की प्रत्येक क्विंटलमागे टॅगिंगची रक्कम बँक आधी कापते. पगार उरल्यासुरल्यातून.

उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. शेतकऱ्याचा तो हक्क आहे आणि त्यासाठी आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. पण आमच्या थकलेल्या पगारावर व्याज लावायला कोणी धजत नाही!

आता खरी थट्टा ऐका. खासगी कंपनी दिवाळखोरीत जाऊन अवसायनात निघाली, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने तिच्या कामगारांचे २४ महिन्यांचे देणे तारणदार बँकेच्या बरोबरीला बसते. सहकारी कारखाना म्हणजे कंपनी नव्हे, म्हणून हे संरक्षण त्याच्या कामगाराला नाही. बँक मात्र २००२ च्या सरफेसी कायद्याने ६० दिवसांची नोटीस देऊन ताबा घेऊ शकते. सहकारी बँकांचा हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कायम केला. म्हणजे ज्या कारखान्याला ‘आपला’ म्हणायचे, तिथलाच कामगार जास्त उघडा!

भविष्य निर्वाह निधीपुरती एक फट उघडली आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सहकारी बँकेच्याच प्रकरणात निकाल दिला, की तारण साखरेवर पहिला हक्क निधीच्या थकबाकीचा, बँकेचा त्यानंतर. निधीला जे जमते, ते पगाराला का जमू नये?

यावर उत्तर येते, ‘बँकेत ठेवीदारांचा पैसा आहे.’ खरे आहे. पण कर्ज मंजूर करताना ताळेबंद कोणी वाचला? कारखान्याचा संचालक तोच जिल्हा बँकेचा संचालक, तोच आमदार, आणि थकहमी द्यायला त्याचेच सरकार. घेणारा आणि देणारा एकाच पंगतीला बसल्यावर हिशेब कोण मागणार? राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बरखास्त झाले, ते काही कामगारांनी जास्त पगार घेतला म्हणून नव्हे. ‘कारखान्यात कामगारांची खोगीरभरती झाली,’ असेही म्हणतात. निवडणुकीच्या तोंडावर नेमणुकीच्या चिठ्ठ्या वाटल्या कोणी? आम्ही?

म्हणून आमच्या मागण्या:

१. साखरेच्या प्रत्येक क्विंटलमागे बँकेचे टॅगिंग कापले जाते, तसेच पगार आणि भविष्य निर्वाह निधीचे टॅगिंग कापून वेगळ्या खात्यात जमा करा.

२. लिलावाच्या जाहिरातीत कामगारांची संपूर्ण थकबाकी छापा. ती भागल्याशिवाय विक्री पूर्ण झाली असे मानू नका.

३. राज्याच्या सहकार कायद्यात दुरुस्ती करून सहकारी कारखान्याच्या कामगाराला निदान कंपनीच्या कामगाराइतके संरक्षण द्या.

४. एकाच व्यक्तीला कर्ज देणाऱ्या बँकेत आणि कर्ज घेणाऱ्या कारखान्यात संचालक राहू देऊ नका.

५. दरमहा बँकेचे देणे, उसाचे देणे आणि पगाराचे देणे कारखान्याच्या गेटवर लावा.

सभासदांनो, कामगार परका नाही, तुमच्याच घरातला आहे. कारखाना कवडीमोलाने गेला तर त्याचा पगार जातो आणि तुमचा भागही बुडतो. मालक म्हणून तुमचे नाव आहे, तर मालकासारखे विचारा. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषयपत्रिका संपू देऊ नका. कामगारांची थकबाकी किती आणि ती कधी देणार, हे उभे राहून विचारा. तोंडी आश्वासनावर घरी जाऊ नका. ठराव मांडा, मतदान मागा आणि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय सभा उठू देऊ नका.

आपले,
थकीत पगाराचे साखर कामगार

(वाचा, पुढच्याला द्या, गेटवर चिकटवा.)