घराचा वास आणि घराचा भाव

मंडळी, या वीकएंडचा विषय आहे घराचा वास. वाचूनच नाक मुरडू नका, कारण गावाकडे ज्यांचं एखादं बंद घर आहे त्यांच्या खिशाशी याचा थेट संबंध आहे.

घर विकायला काढलं की आपण काय करतो? उतारा काढतो, मोजणी करून घेतो, मोबाईलवर चार फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो. पण फोटोला वास नसतो! गिऱ्हाईक उंबरा ओलांडतं, एक श्वास घेतं आणि त्याचं अर्धं मत तिथेच ठरतं. पुढे ते खोल्या, पाणी, वाटेचा हक्क वगैरे विचारतं, पण मनातल्या मनात भाव आधीच उतरलेला असतो.

गंमत म्हणजे मालकाला हे कळतच नाही. एकाच वासात थोडा वेळ राहिलं की आपण त्याची दखल घेणं सोडून देतो. मेंदूला बदल कळतो, कायम असलेली गोष्ट तो गाळून टाकतो. त्यामुळे "आमच्या घराला कसलाही वास येत नाही" हे वाक्य मालक अगदी प्रामाणिकपणे म्हणतात.

माझं म्हणणं असं, की घराचे वास दोन प्रकारचे असतात. एक घराच्या आजाराचा, दुसरा माणसांच्या जगण्याचा. यांत गल्लत झाली की विकणारा आणि घेणारा दोघंही फसतात.

आधी आजाराचा. गारगोटीचंच उदाहरण घेऊ. भुदरगडचा पाऊस कसा असतो हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. जुन्या भिंती, वर कौलं, आणि पोरं पुण्याला किंवा बंगळूरला, म्हणून घर वर्षातले अकरा महिने बंद. जमिनीतली ओल भिंतीतल्या बारीक छिद्रांमधून वर चढते, येताना क्षार घेऊन येते. भिंतीला लोणा लागतो, बुरशी धरते. तो कुबट वास या बुरशीचा. मग गिऱ्हाईक यायच्या आधी घाईघाईत सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत ऑईलपेंट! चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर पडू शकते. हा नवा थर तिला आत कोंडतो. काही पावसाळ्यांतच रंगाला पोपडे येतात आणि वास पुन्हा हजर.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर वास हा एरर मेसेज आहे. रूम फ्रेशनर, उदबत्त्या, डांबरगोळ्या म्हणजे रिकामा कॅच ब्लॉक. मेसेज दिसेनासा होतो, बग तिथेच राहतो.

कधीकधी बग अगदीच किरकोळ निघतो. बंद घराच्या बाथरूममधून गटाराचा वास येत असेल तर आधी जाळीखालचा ट्रॅप बघा. त्यात साठलेलं पाणी गटाराची हवा अडवून धरतं. घर काही महिने बंद राहिलं की ते आटतं आणि हवेला वाट मोकळी होते. उपाय: एक बादली पाणी. बस्स! एवढ्यासाठी भाव पाडून घेणारी माणसं आहेत.

पण सगळेच बग असे स्वस्त नसतात. कोल्हापूर जिल्ह्याने २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर पाहिला. पाणी शिरून गेलेलं घर वरून कोरडं दिसतं, तरी भिंतीच्या पोटात ओल बराच काळ राहते. अशा घराला नवा रंग मारून "इथं कधी पाणी आलंच नाही" म्हणणं ही हुशारी नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याचं कलम ५५ सांगतं, की साधी काळजी घेऊनही घेणाऱ्याला सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो त्याने सांगितला पाहिजे. न सांगणं ही फसवणूक.

"अरे पण खरं सांगितलं तर भाव पडतो!" पडतोच. पण गारगोटीसारख्या गावात घर घेणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, आणि कुठल्या साली कुणाच्या सोप्यात पाणी होतं हे शेजारच्या काकींना तोंडपाठ असतं. आपण नाही सांगितलं तर त्या सांगतात. मग भाव तर जातोच, वर शब्दही जातो.

आता दुसरा वास. चुलीचा धूर, शेजारचा म्हशींचा गोठा, परड्यात रचलेल्या शेणी, स्वयंपाकघरात मुरलेला सुकटीचा वास. हा घराचा दोष नाही. धुराने काळी झालेली भिंत धुऊन चुन्याचे दोन हात दिले, दारं-खिडक्या आठवडाभर सताड उघडी ठेवली की यातलं बरंच जातं. उरलेल्यासाठी लाजायचं कारण नाही, आणि तेवढ्यावरून लाखभर रुपये कमी करायचं तर अजिबातच नाही.

हेच शहरातल्या फ्लॅटलाही लागू. तिथे "नॉनव्हेजचा वास येतो" हे वाक्य सर्रास ऐकू येतं. रविवारच्या तांबड्या रश्श्याने स्लॅब गळत नाही की भिंतीला ओल येत नाही, मंडळी. या वाक्यात पुष्कळदा नाक कमी आणि समोरच्याची जात-धर्म जास्त असतो. ओलीबद्दल कुणी बोललं तर मान खाली घालून ऐकावं. रश्श्याबद्दल बोललं तर दुसरं गिऱ्हाईक बघावं.

तर घर दाखवायच्या आधी एवढं करा. ते दोन दिवस बंद ठेवा आणि मग बाहेरच्या माणसाला आत घेऊन जा. घरातला माणूस नको, त्याचं नाक फितूर असतं (ह. घ्या.). त्याला वास आला तर कुठून येतोय ते शोधा. दुरुस्त होत असेल तर दुरुस्त करा, नसेल तर सांगून टाका आणि त्याप्रमाणे भाव लावा. आणि तुम्हीच घर घ्यायला गेला असाल, तर सकाळी अकरा वाजता उदबत्तीचा घमघमाट सुटलेल्या घरात जरा जास्त वेळ थांबा.