ऑर्किड निर्दोष, पण शेजारच्या कुंडीचे काय?

मढमधील बंगल्यांच्या व्हरांड्यात टांगलेली ऑर्किड आणि आवारात मोकळा हिंडणारा कुत्रा हे दृश्य आता नवे नाही. समुद्रालगतची दमट हवा ऑर्किडला मानवते. मग कुणीतरी विचारतेच, ‘कुत्र्याने याचे फूल खाल्ले तर?’

नर्सरीत सर्रास मिळणारे फॅलेनॉप्सिस कुत्र्यांना विषारी नाही. ‘एएसपीसीए’ या अमेरिकी प्राणिहित संस्थेने ते कुत्र्या-मांजरांसाठी बिनविषारी वनस्पतींच्या यादीत घातले आहे. पाने भरपूर चघळली तर एखादी उलटी किंवा जुलाब होतील, तेही बहुधा आपोआप थांबतात. (आइस्क्रीममधला व्हॅनिला याच कुळातल्या वेलीच्या शेंगांचा, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते.) धोका असलाच तर कुंडीतल्या इतर गोष्टींचा. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि तारेचे चिमटे गिळले तर आतडे अडू शकते. पावसाळ्यात गोगलगायी मारायला टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्रे चवीने खातात आणि त्यांना झटके येतात.

खरी काळजी करायची ती सायकसची. हिरवळीच्या कडेला शोभेसाठी लावलेले हे झाड ताडासारखे दिसते, पण ते ताड नव्हे. त्याचा प्रत्येक भाग विषारी, बिया सर्वाधिक. त्यातले सायकासिन यकृतावर घाला घालते. आधी उलट्या होतात, मग कुत्रा सावरल्यासारखा वाटतो आणि दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होऊ लागते. मधल्या त्या बऱ्या वाटण्यानेच मालक फसतो.

कुंपणाची कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांचे विष हृदयाचे ठोके बिघडवते. बिट्टीचे फळ खाल्लेले मूल रुग्णालयात आणले की डॉक्टर लगेच ईसीजी काढतात, तो याचसाठी. कुत्र्याचे हृदयही याच विषाने बंद पडते. कण्हेरीची वाळलेली पानेही तितकीच घातक असतात, म्हणून छाटणीचा कचरा आवारात पडू देऊ नये. डिफेनबेकिया आणि मनी प्लांट त्या मानाने सौम्य. तोंड सुजते, लाळ गळते, जिवावर क्वचितच बेतते.

नाजूक, महागड्या ऑर्किडवर संशय घ्यायचा आणि सायकसला मात्र दारात मानाची जागा द्यायची, हा उलटा न्याय आहे. त्यात निम्मा दोष विक्रीच्या पद्धतीचा. रोपावर किंमत असते, पण नाव नसते, मग विषारी असल्याची सूचना कुठली? नर्सरीने प्रत्येक कुंडीला नाव आणि विषारी झाडाला ठळक खूण लावावी, एवढी सक्ती महापालिकेला अवघड नाही.

कुत्र्याने झाड खाल्ल्याचे दिसले तर मीठपाणी पाजून उलटी करवू नये. मिठाचीच विषबाधा होऊ शकते. झाडाची फांदी पिशवीत घालून, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. परळचे बाई साकरबाई रुग्णालय, म्हणजे जुन्या मुंबईकरांचे बैलघोडा हॉस्पिटल, मढहून बरेच दूर आहे. मालाड-अंधेरीकडच्या, रात्रीही उघड्या असणाऱ्या पशुवैद्याचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवावा.