स्पर्श कळतो, पण गाठ बसत नाही

उल्हासनगरच्या कापडबाजारातील किंवा बदलापूरच्या स्टेशनालगतच्या दुकानदाराला ही व्याधी प्रथम जाणवते ती कामातच. नोट कोरी की जुनी हे बोटांना बरोबर कळते. पण मोजताना अंगठा मागे राहतो, कात्री अडते, पुडक्याच्या सुतळीची गाठ बसत नाही. शटर उचलायला पोऱ्याला हाक मारावी लागते. पंजावरचे मांस झडू लागते आणि दंडाचे स्नायू आपोआप फडफडतात. मात्र मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, म्हणून कित्येक महिने दुखणे अंगावर काढले जाते. मोटर न्यूरॉन आजाराची सुरुवात पुष्कळदा अशी होते.

व्यापारी कुटुंबाला यातील मर्म आवक-जावक नोंदवहीच्या भाषेत चटकन उमजेल. स्पर्श, वेदना, उष्णता यांची खबर आत आणणारे संवेदी मज्जातंतू ही आवक. हालचालीचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचविणारे प्रेरक मज्जातंतू ही जावक. १८६९ च्या सुमारास पॅरिसमध्ये ज्यां-मार्टिन शार्को यांनी या व्याधीचे वर्णन केले. जावक बिघडते आणि आवक शाबूत राहते, ही पुढे तिची ओळखच ठरली.

त्यामुळे नर्व्ह कंडक्शन तपासणीच्या अहवालात ‘सेन्सरी’ या शीर्षकाखालील आकड्यांना फार मोल आहे. ते बिघडलेले दिसले, तर तज्ज्ञ दुसरे कारण शोधू लागतात. मधुमेह असतो, कुष्ठरोग असतो, आणि शाकाहारी घरांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव असते. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून जवळजवळ मिळत नाही. दूध-दह्यातून मिळते, पण ज्यांच्या पानात तेही थोडेच असते त्यांना ते पुरतेच असे नाही. या तिन्ही कारणांवर औषध आहे. वेळेवर ओळखले तर पुढची हानी टळते.

तथापि आकडा बिघडला म्हणजे मोटर न्यूरॉन आजार नाहीच, असा दिलासा घरच्यांनी परस्पर घेऊ नये. ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात १०३ एएलएस रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांनी संवेदनेच्या तक्रारी सांगितल्या होत्या, आणि २७ टक्क्यांत पायाच्या सुरल या संवेदी मज्जातंतूचा प्रतिसाद क्षीण आढळला होता. आवकीलाही झळ लागते. फक्त ती सौम्य असते. शिवाय साठीच्या रुग्णाला जुना मधुमेह असला, तर दोन व्याधींच्या खुणा एकाच कागदावर उमटतात.

याच गोंधळात केनेडी रोग हातून निसटतो. विल्यम केनेडी यांनी तो १९६८ मध्ये वर्णिला. त्याचा जनुकीय दोष १९९१ मध्ये सापडला. दोष आईकडून येतो, आजारी पडतात ते पुरुष. हातपाय हळूहळू दुबळे होतात, जीभ थरथरते, काहींची छाती वाढते. आणि स्पर्श बरा कळत असूनही संवेदी मज्जातंतूंचे आकडे उतरलेले असतात. रक्ताच्या जनुकीय चाचणीने निदान पक्के होते. एएलएसमध्ये बहुतेकांच्या हाती थोडीच वर्षे असतात. केनेडी रोगात आयुष्य फारसे घटत नाही. मुलाचे लग्न, पेढीची वाटणी, कर्जाची फेड हे सारे या एका फरकावर ठरते.

आपल्या देशातील उदाहरण मद्रासचे आहे. मीनाक्षिसुंदरम आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये तेथे वर्णिलेला प्रकार तरुणांना होतो, सावकाश वाढतो, आणि त्यात अनेकांना बहिरेपण येते. श्रवणाची नस ही आवकच! बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा ११६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आहे. तेव्हा हातांच्या तक्रारीबरोबर कान मंद झाल्याचेही डॉक्टरांना सांगावे. अनेक घरांत ते वयावर टाकले जाते.

अंबरनाथ-बदलापूरच्या रुग्णाला अशा तपासणीसाठी बहुधा कल्याण-ठाण्याची किंवा थेट परळ-शीवची वाट धरावी लागते. हात थंड असल्यास आकडे चुकतात, म्हणून हात उबदार ठेवावेत. साखर, बी-१२ आणि मानेच्या एमआरआयचे जुने कागद सोबत असावेत.

आणखी एक गोष्ट. सही जुळेनाशी झाली म्हणून खाते अडून राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी खातेदाराचा हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्याला बँकेच्या माहितीतील दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.