ज्या भांड्याला इन्स्पेक्टर येत नाही

वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातल्या छोट्या फॅब्रिकेशन शॉप्सकडे अलीकडे एक वेगळीच चौकशी येऊ लागली आहे. सिंधरोटकडे फार्महाउस असलेला कोणी, एखादा केटरर किंवा हायवेवर नवे हॉटेल काढणारा तरुण मोबाइलमधला फोटो पुढे करतो. फोटोत स्मोकर नावाची एक आडवी टाकी असते. तिच्या एका टोकाला जळणाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडे, खाली चाके. मांस, कंद, वांगी, पनीर, जे काही असेल ते मंद आचेवर तासन्‌तास धुरात शिजवायचे आणि सगळी भट्टी गाडीमागे जोडून पार्टी प्लॉटवर न्यायची. त्याचा प्रश्न एकच असतो: किती दिवसांत मिळेल?

वस्तू पाहताक्षणी आपल्याला ओळखीची वाटते, कारण ती आपलीच आहे. शेल, दोन एंड, दोन सॅडल, वर एक नोझल. कोयलीच्या रिफायनरीसाठी आणि नंदेसरी-दहेजच्या कारखान्यांसाठी याहून शंभरपट अवघड भांडी या शहरातल्या वेल्डरांनी केली आहेत. त्या भांड्यांमागे प्लेटची एमटीसी असते, मंजूर ड्रॉइंग असते, टीपीआय येऊन हीट नंबर जुळवून पाहतो, डीपी टेस्ट होते, हायड्रो होते. स्मोकरमागे यातले काहीच नसते. दाब नाही, म्हणून तपासणी नाही. तपासणी नाही, म्हणून कागद नाही. आणि कागद नाही, म्हणून भंगारातले जे हाताला लागेल ते चालते, अशी ही घसरण आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ज्या भांड्यातून माणसाच्या पोटात अन्न जाणार आहे आणि जे भांडे भर रस्त्यावरून ओढत नेले जाणार आहे, त्याची फाइल रिफायनरीच्या भांड्याइतकीच पूर्ण असली पाहिजे. इन्स्पेक्टर येत नसेल, तर ते काम आपण करायचे.

अशा टाकीत धुरावर शिजवण्याची पद्धत मूळची अमेरिकेतल्या टेक्सासची. तिथल्या जर्मन आणि चेक वस्तीतल्या खाटिकांच्या दुकानांत उरलेले मांस धुरावर शिजवून विकत, त्यातून ती वाढली. ऑस्टिन शहरात आरन फ्रँकलिन याने २००९ च्या डिसेंबरात एका ट्रेलरमधून विक्री सुरू केली, आणि पुढे १,००० गॅलनच्या, म्हणजे सुमारे ३,८०० लिटरच्या, प्रोपेनच्या जुन्या टाक्या कापून स्वतःचे स्मोकर बांधण्यासाठीही तो ओळखला गेला. चाकांवरची चूल मात्र त्याहून जुनी आहे. जर्मनीत कार्ल फिसलर याने १८९२ मध्ये सैन्यासाठी ओढून नेण्याची स्वयंपाकगाडी केली होती. आपल्याकडे धुरावरच्या स्वयंपाकाला परदेशी म्हणण्याचे कारण नाही. वलसाडच्या अलीकडे-पलीकडे, डुंगरीच्या बाजूला, हिवाळ्यात हायवेच्या कडेने उंबाडियूची मडकी उलटी मांडून भोवती जाळ करतात. रायगडात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला घालून पोपटी लावतात. दोन्हीकडे भांडे मातीचे असते आणि ते कुठून आले हे लावणाऱ्याला ठाऊक असते. आपल्या स्मोकरचा खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

वडोदऱ्याच्या भंगारात २०० लिटरचे पिंप सहज मिळते, आणि तेच धोक्याचे आहे. आपल्या चारी बाजूंना रसायनांचे कारखाने आहेत. त्या पिंपात काय होते हे भंगारवाला सांगू शकत नाही, लेबल खरवडलेले असते. रंगाचे इंटरमीजिएट, कीटकनाशक, सॉल्व्हंट, काहीही असू शकते. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे घातक कचऱ्याच्या यादीतच आहेत, ती अशी बाजारात फिरायलाच नकोत. "एकदा जाळून घेतले की साफ" हे वाक्य मी अनेक जाणत्या मिस्त्रींच्या तोंडून ऐकले आहे आणि ते चूक आहे. पिंपाच्या घडीच्या शिवणीत राहिलेला अंश धुऊन जात नाही, आणि क्लोरिनयुक्त पदार्थ अर्धवट जळला तर मूळ पदार्थापेक्षा वाईट काहीतरी तयार होऊ शकते. खाणाऱ्याच्याही आधी धोका वेल्डरला असतो. क्लोरिनेटेड सॉल्व्हंटची वाफ आर्कच्या किरणांत आली तर फॉस्जीन बनू शकतो. ज्वलनशील द्रवाचे पिंप गॅस कटरने उघडताना झालेले स्फोट आपल्या धंद्याला नवे नाहीत.

घरगुती गॅसच्या सिलिंडरबद्दल तर चर्चाच नको. तो ग्राहकाच्या मालकीचा नसतो, तेल कंपनीचा असतो. तो कापायला घेणे म्हणजे दुसऱ्याचा माल कापणे, शिवाय स्फोटाचा धोका पत्करणे. गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि जाळी ही तिसरी पळवाट. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि ९०७ ला उकळते. वेल्डिंगच्या वेळी त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, हे आपल्यातल्या बहुतेकांनी अनुभवले आहे. जळणाच्या पेटीच्या जवळ आणि अन्नाखाली जस्त नको. जाळी ३०४ स्टेनलेसची घ्या किंवा साध्या एमएसच्या एक्सपांडेड मेटलची. आतून रंग नको. उष्णतारोधक रंग बाहेरच्या अंगाला.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: नवी प्लेट घ्या आणि रोल करा. आयएस २०६२ ची ६ मिमी प्लेट आपल्याकडे रोजची आहे, रोलिंग मशीन गल्लीगल्लीत आहे. भंगाराच्या टाकीत वाचणारे पैसे ती साफ करण्यात, गोलाई सरळ करण्यात आणि मनातल्या शंकेत जातात.

आता आकडे मांडू, कारण या कामात सगळ्यात जास्त दुर्लक्ष वजनाकडे होते. ७५० मिमी व्यासाचा, २,४०० मिमी लांबीचा शेल धरा. ६ मिमी प्लेटचे वजन चौरस मीटरला ४७.१ किलो. शेलचे क्षेत्रफळ ५.६५ चौरस मीटर, म्हणजे २६६ किलो. दोन सपाट एंड धरून आणखी ४२. आतली जागा होते सुमारे १,०६० लिटर. जळणाची पेटी तिच्या एक तृतीयांश असावी हा जाणकारांचा ठोकताळा, म्हणजे ७०० मिमी बाजूचा घन पुरतो. तिथे जाळ थेट लागतो, म्हणून १० मिमी प्लेट: २३१ किलो. चॅसिस, चाके, जाळ्या, लाकूड काही न धरता ५३९ किलो झाले.

हे वजन कुठे बसते ते पाहा. अॅक्सल शेलच्या बरोबर मध्याखाली ठेवला, दिसायला शोभून दिसतो तसा, तर मागे लटकणारी पेटी सगळा गुरुत्वमध्य ६६० मिमीहून जास्त मागे ओढते. हुकावर वजन पडण्याऐवजी हूक वर उचलला जातो. अशी ट्रेलर वेग घेतला की शेपूट हलवू लागते, आणि पुढच्या गाडीचा ताबा जातो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर असावा. हूक शेलच्या मध्यापासून २,४०० मिमी पुढे असेल आणि १२ टक्के भार हवा असेल, तर मोमेंट मांडून अॅक्सल शेलच्या मध्यापासून सुमारे १,०८० मिमी मागे येतो, जवळजवळ मागच्या एंडच्या खाली. म्हणजे चाक पेटीला येऊन भिडले. टायरवर आणि बेअरिंगच्या ग्रीसवर जाळाची धग येणार. तेव्हा मध्ये हवेची फट सोडून शीट मेटलची ढाल हवी आणि पेटीचा तळ दुहेरी हवा. एक आकडा दुसऱ्याला असा हलवतो, आणि तो कागदावर हलवायचा की प्लेट कापल्यावर, एवढेच आपल्या हातात असते. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी ज्या शहरात कलाभवन उभे केले, आणि कारागिराला त्याच्या भाषेत तंत्र शिकवावे म्हणून त्रिभुवनदास गज्जर झटले, त्या शहरात नुसत्या फोटोवरून मार्किंगला बसलेले मला पाहवत नाही.

हीट एक्स्चेंजर करणाऱ्यांना पुढचा मुद्दा सांगावा लागणार नाही. पोलाद दर मीटरला दर अंशाला १२ मायक्रॉन वाढते. शेल १०० अंशांनी तापला की २,४०० मिमीमागे जवळपास ३ मिमी लांबतो. पेटी ४०० अंशांनी तापली तर ७०० मिमीतच ३ मिमीहून जास्त. दोन्ही सॅडल चॅसिसला वेल्ड केले तर हे वाढणे जागा शोधते आणि पेटी-शेलच्या जोडावर चीर पडते. एक सॅडल पक्के, दुसऱ्याला लांबट भोके आणि बोल्ट, ही आपली रोजची रीत इथेही पाळा. पेटीतून शेलमध्ये उघडणाऱ्या खिडकीचे कोपरे गोल ठेवा. आतली आडवी तापपट्टी चहूबाजूंनी पूर्ण वेल्ड करू नका, टप्प्याटप्प्याने टाका, आणि तिला निचऱ्याकडे उतार द्या, नाहीतर साचलेली चरबी एक दिवस पेट घेईल.

दरवाजाचे एक गुपित अनुभवी लोकांना माहीत असते. रोल केलेल्या शेलमध्ये ताण अडकलेला असतो. दरवाजा एका दमात कापून काढला की तुकडा आणि शेल दोन्ही आपापल्या दिशेने उघडतात, आणि मग तो दरवाजा कधीच नीट बसत नाही. आधी बिजागरीची बाजू कापायची, बिजागऱ्या वेल्ड करायच्या, मग उरलेल्या कडा कापत जायच्या आणि कडेची फ्लॅट पट्टी त्याच वेळी टॅक करत जायची.

आचेबद्दल थोडक्यात. शेलमध्ये ११० ते १३५ अंश राखायचे आहेत. गोमांसाच्या छातीच्या तुकड्याचा गाभा सुमारे ९५ अंशांपर्यंत जाईतो टेक्सासवाले दहा-बारा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ थांबतात, कारण चिवट कोलॅजनचे जिलेटिन व्हायला वेळ लागतो. बोकडाच्या खांद्याला आणि मांडीलाही तेच तत्त्व लागू. रताळे, कंद, वांगे यांना याच्या अंशानेही वेळ लागत नाही. तापमापी शेलच्या माथ्यावर बसवण्याची सवय सोडा. ती जाळीच्या पातळीवर हवी, अन्न तिथे आहे. धुराड्याचे आतले तोंडही जाळीच्या पातळीपर्यंत खाली आणले तर गरम हवा माथ्यावरून निसटून जात नाही. धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा लाकूड ओले आहे, आणि तो धूर अन्नाला कडवट करतो. पनीर तर तो कडवटपणा फार लवकर धरते. हवेची झडप मोठी ठेवा, ती कमी करता येते, लहान झडप मोठी करता येत नाही.

गिऱ्हाइकाला मापे विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: यात काय शिजणार? चरबी पोलादावर चिकटून राहते. ज्या स्मोकरमध्ये एकदा मांस शिजले तो शाकाहारी पंगतीला नेणे या शहरात चालत नाही, आणि चालू नये. दोन्ही करणारा केटरर असेल तर त्याला दोन लहान शेल सुचवा.

लाकडाचा सल्लाही आपल्यालाच विचारला जातो. आंबा आणि देशी बाभूळ निवांत वापरा. आपण ज्याला गांडा बावळ म्हणतो तो टेक्सासच्या प्रसिद्ध मेस्कीटचा सख्खा नातलग. त्याची आच कडक आणि वास तीव्र, म्हणून जपून. पॅकिंगच्या खोक्यांचे लाकूड फुकट मिळते म्हणून घेऊ नका. त्यावर अनेकदा आंतरराष्ट्रीय शिक्का असतो, आणि शिक्क्यात ‘एमबी’ अक्षरे असतील तर ते मिथाइल ब्रोमाइडने धुरी दिलेले असते. प्लायवूड आणि रंगवलेले लाकूड तर नाहीच.

रस्त्याचा प्रश्न बहुतेकजण रंग लावून झाल्यावर काढतात, तो सगळ्यात आधी काढायचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याला नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसावा लागतो. ड्रॉइंग घेऊन आरटीओत जा, काय मंजूर होईल ते विचारा, मग प्लेट आणा. ते जमणार नसेल तर मला दुसरा रस्ता जास्त पसंत आहे: चाके विसरा, स्मोकर स्किडवर बांधा, वर चार लिफ्टिंग लग द्या आणि छोट्या मालवाहू टेम्पोतून न्या. वजन गाडीच्या क्षमतेत बसते का पाहा, आणि जाळ कधीही गाडीवर असताना लावू नका; उतरवून, जमिनीवर समतल करून मगच. ट्रेलरच असेल तर चार कोपऱ्यांना जॅक, चाकांना अडण, आणि निखारे विझून पेटी रिकामी झाल्याशिवाय हूक जोडायचा नाही, हे पेटीच्या दारावरच ठळक लिहून द्या.

हस्तांतरणाआधी पहिला जाळ आपल्या शॉपमध्येच लावा, रिकाम्या भांड्यात. आतून ग्राइंडिंगची धूळ आणि कटिंगचे तेल पुसून घ्या, खाण्याच्या तेलाचा पातळ हात द्या, आणि आच हळूहळू चढवत तीन-चार तास १३० अंशांच्या आसपास धरा. दरवाजाच्या कडेने धूर कुठून निघतो ते खडूने खुणा करून ठेवा. दोन्ही टोकांना जाळीच्या पातळीवर तापमान घ्या आणि फरक लिहा. मोकळे सॅडल खरोखर सरकले का, तेही मोजा. मग रिकामी ट्रेलर आजवा रोडपर्यंत नेऊन आणा आणि परतल्यावर यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. ही सगळी मोजमापे, ड्रॉइंग आणि प्लेटची एमटीसी एका फाइलमध्ये घालून गिऱ्हाइकाला द्या. दुसरी प्रत शॉपमध्ये ठेवा आणि शेलवर हीट नंबर पंच करा.