डॉकिंग शिकवा, पण शेवटाकडून

नवखा खेळाडू आपल्या खेळात किती मिनिटं टिकतो, याचे आलेख प्रत्येक स्टुडिओत असतात. तो नेमका कोणत्या कळीवर बोट ठेवून वैतागला, हे मात्र क्वचितच कुणी शेजारी बसून पाहतं. अंतराळयान उडवण्याच्या खेळांत तर ते पाहायलाच हवं.

‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ची पहिली पूर्ण आवृत्ती २०१५ साली आली. त्यातलं डॉकिंग, म्हणजे यान स्थानकाला जोडणं, आजही नवख्यांना घाम फोडतं. समोर, शंभरेक मीटरवर, स्थानक दिसतंय. इतर खेळांच्या सवयीने बोट ‘डब्ल्यू’वर जातं. यान पुढे सरकत नाही, नाक खाली घालतं. घाईघाईने ‘एस’ दाबला की नाक वर येतं, आणि स्थिरीकरण बंद असेल तर कळ सोडल्यावरही वरच जात राहतं. अडवायला हवा कुठे आहे? पुढे जायची कळ ‘एच’, मागे यायची ‘एन’. ती सापडेपर्यंत स्थानक पडद्याबाहेर.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे कळांचा भलामोठा तक्ता. तो कुणी वाचत नाही, आणि वाचला तरी उपयोग नाही. मारामारीच्या खेळांतले लांबलचक कॉम्बो पोरं हसत पाठ करतात. तेव्हा कळा जास्त आहेत ही सबब नको. खरी अडचण सवयींची आहे. जमिनीवर गाडीचं तोंड वळलं की गाडीही तिकडेच जाते आणि पाय काढला की मंदावते. अवकाशात तोंड फिरवणं वेगळं, जागा बदलणं वेगळं. आणि दिलेला प्रत्येक धक्का तेवढाच उलटा धक्का देऊन फेडावा लागतो.

म्हणून आमचं म्हणणं असं, की धडा शेवटाकडून सुरू करा. यान स्थानकासमोर पंधरा मीटरवर, तोंड बरोबर जुळलेलं, फिरवण्याच्या कळा बंद. फक्त पुढे आणि मागे. हात बसला की डावं-उजवं, वर-खाली. मग अंतर वाढवा. फिरवणं सगळ्यांत शेवटी. कक्षेचं गणित तर या धड्यात आणूच नका; त्याने खऱ्या अंतराळवीरालाही चकवलं आहे. १९६५ मध्ये जेमिनी ४ मोहिमेत जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या वापरून झालेल्या टप्प्याजवळ जायला निघाला. त्या दिशेने जोर लावला तरी टप्पा दूरच जात राहिला आणि इंधन खर्ची पडलं. कसलेल्या वैमानिकाची ही गत, तर आपला खेळाडू मठ्ठ नाही एवढं मान्य करायला हरकत नसावी.

दोन यानं अवकाशात एकमेकांना जोडण्याच्या इस्रोच्या ‘स्पेडेक्स’ मोहिमेतून उचलण्यासारखं आणखी एक आहे. त्या दोन यानांमधलं अंतर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं होतं: ५ किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५, १५, ३. प्रत्येक ठिकाणी थांबा. १२ जानेवारी २०२५ ला यानं ३ मीटरपर्यंत आणून पुन्हा सुरक्षित अंतरावर नेली. जोडणी झाली १६ तारखेला. आपल्या खेळांत मात्र चुकलं की स्फोट, आणि पुन्हा लोडिंगचा पडदा. ‘मागे घ्या’ असं एक बटण ठेवा. ते दाबलं की यान आधीच्या थांब्यावर, वेग शून्य, इंधन होतं तेवढंच. खेळ सोपा झाल्याची ओरड जुने खेळाडू करतील. त्यांच्यासाठी ते बंद ठेवायची सोय द्या.

सगळंच यंत्रावर सोपवण्याबद्दल मात्र आम्ही साशंक आहोत. १९८४ च्या ‘एलिट’मध्ये फिरत्या स्थानकात शिरायला डॉकिंग कॉम्प्युटर मिळे, पण पैसे जमवून विकत घ्यावा लागे. (कमोडोर ६४ वर तो सुरू झाला की ‘ब्लू डॅन्यूब’ वाजायचं, ही चैन वेगळीच.) घासूनपुसून तयार झालेल्याला तो विसावा ठीक. नवख्याच्या हाती पहिल्याच दिवशी दिला, तर तो डॉकिंग शिकत नाही, नुसतं बघतो. त्यापेक्षा अर्धी मदत बरी. ‘एलिट डेंजरस’मधला फ्लाइट असिस्ट तशा जातीचा आहे: यानाचं भरकटणं तो आवरतो, चालवणं तुमच्याकडेच राहतं, आणि जमू लागलं की बंदही करता येतो.

मोबाइलचा प्रश्न उरतोच. सहा दिशांची हालचाल दोन अंगठ्यांवर कशी बसवायची, हा पुढच्या अंकाचा विषय आहे. ज्यांनी प्रयोग केले असतील त्यांनी खेळाच्या पहिल्या दहा मिनिटांचं चित्रण पाठवावं. खेळणारा स्टुडिओतला नसावा, आणि चित्रणात पडद्याइतकेच त्याचे अंगठेही दिसावेत.